कसबी कारागिराचें खरें मोल

घर बांधावयाचें ठरलें, विहिरीचें काम काढलें किंवा पडकी भिंत पुन्हां उभी करावयाची झाली, म्हणजे आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मिस्त्री, रोज किती घेणार ?" ह्या प्रश्नांत वावगें असें कांहीं नाहीं. ज्याला पैसा कष्टानें मिळवावा लागतो त्यानें तो जपूनच खर्च केला पाहिजे. परंतु "तुम्हांला काय येतें, आणि तें आम्हांला कशावरून कळावें ?" हा दुसरा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. किंमत आणि मोल हे दोन शब्द आपण बोलतांना एकाच अर्थानें वापरतों. पण विचार केला असतां दोहोंत मोठें अंतर दिसतें. किंमत म्हणजे आज आपल्या हातून जाणारा पैसा. मोल म्हणजे त्या पैशाच्या बदल्यांत पुढें कैक वर्षें आपणांस मिळत राहणारी वस्तु. किंमत रोज संध्याकाळीं चुकती होते. मोल कळावयास मात्र कधीं एक पावसाळा पुरतो, तर कधीं एक पिढी जावी लागते.

हें अंतर समजून घेण्यासाठीं आपणांस दूर देशीं जावें लागत नाहीं. आपल्या लातूर जिल्ह्याच्याच इतिहासांत त्याचा धडा लिहिलेला आहे, व तो फार जुनाही नाहीं. आज शाळेंत बसणाऱ्या मुलांपैकीं कोणाचाही तेव्हां जन्म झाला नव्हता. परंतु त्यांच्या आजी-आजोबांना विचारावें, म्हणजे ते तो दिवस तिथीवारासह सांगतील. १९९३ सालच्या सप्टेंबर महिन्याची ३० तारीख. वेळ पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांची. आदल्या रात्रीं गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. त्या वेळीं औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें थोड्या क्षणांत दगडमातीचे ढीग होऊन पडलीं. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ ते दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं.

आतां येथें विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. त्या धरणीकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास मोजली गेली. जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें हा मध्यम प्रतीचा धक्का होय. ह्यानंतर चार महिन्यांच्या आंतच, म्हणजे १७ जानेवारी १९९४ रोजीं, अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागांत ६.७ तीव्रतेचा धरणीकंप झाला. तोही पहाटेच, साडेचारच्या सुमारास, लोक झोपेंत असतांना झाला. ह्या मोजमापांत अर्ध्या अंकाचा फरक दिसावयास लहान असला, तरी शक्तीच्या हिशेबानें तो पांचपटींहून अधिक भरतो. असें असूनही तेथें मेलेल्यांची संख्या साठच्या आसपासच राहिली. तो देश श्रीमंत आहे, तेथील घरें बहुधा हलक्या लाकडी सांगाड्याचीं असतात, जमिनीची घडणही निराळी आहे, हीं सर्व कारणें मान्य केलीं पाहिजेत. तथापि इतकें निर्विवाद कीं, आपल्याकडे माणसें जमीन हालल्यामुळें मेलीं असें म्हणण्यापेक्षां, अंगावर घरें कोसळल्यामुळें मेलीं असें म्हणणें अधिक खरें आहे. आणि घर हें निसर्गानें केलेलें नसतें; तें माणसाच्या हातानें उभें राहतें.

मग त्या घरांत काय उणें होतें ? वरून पाहतां कांहींच उणें दिसत नव्हतें. भिंती दोन दोन, तीन तीन फूट जाड, कोठें त्याहूनही जाड. दगड काळा व टणक. अशी भिंत पाहून कोणालाही वाटावें कीं, ही हत्तीच्या धडकेनेंही हालावयाची नाहीं. परंतु ही जाड भिंत खरें पाहतां एक नव्हतीच. ती दोन भिंतींची जोडी होती. एक दगडी पडदा बाहेरच्या अंगाला, दुसरा आंतल्या अंगाला, आणि मधल्या पोकळींत लहान दगड, कपऱ्या व माती भरलेली. दोन्ही पडद्यांचे दगड मातीच्या गाऱ्यांत बसविलेले. जोंपर्यंत भार सरळ खालीं जात होता तोंपर्यंत अशी भिंत उभी राहिली, आणि पन्नास-शंभर वर्षेंही राहिली. पण धरणीकंपांत जमीन आडवी हालते. त्या आडव्या हालचालीनें मधली भर खालीं बसते, ती दोन्ही पडद्यांस बाहेर ढकलते, भिंतीला पोट येतें, आणि शेवटीं एक पडदा आंत व दुसरा बाहेर कोसळतो.

हें टाळण्याचा उपाय गूढ नाहीं, किंवा तो परदेशांतून आणावयाचाही नाहीं. भिंतींत ठराविक अंतरावर असा लांब दगड घालावयाचा कीं, जो भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोंचेल व दोन्ही पडद्यांस बांधून ठेवील. ह्यालाच आरपार दगड म्हणतात. कोपऱ्यावरही असेच लांब दगड एकाआड एक दोन्ही दिशांस बसवावयाचे, म्हणजे दोन भिंती एकमेकींचा हात धरून राहतात. भारतीय मानक संस्थेनें १९९३ सालींच अशा कमजोर बांधकामासाठीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत आरपार दगड उंचीला दर ६० सेंटिमीटरवर आणि लांबीला फार तर १.२ मीटरवर असावेत, व भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरहून जास्त नसावी, असें सांगितलें आहे. म्हणजे जाडी वाढविल्यानें बळ वाढतें ही आपली समजूतच ह्या बाबतींत उलटी ठरते.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडा हिशेब करून पाहावा. सोळा फूट लांब व आठ फूट उंच अशी एक भिंत घ्या. दर दोन फूट उंचीस एक ओळ आणि ओळींत दर चार फुटांस एक दगड धरला, तर सगळ्या भिंतीस पंधरा-सोळा आरपार दगड पुरतात. भिंतींत एकंदर दगड शेंकडों. त्यांत हे सोळा. हे सोळा दगड निवडणें, त्यांस टांकीनें घडविणें आणि योग्य जागीं सपाट बसविणें ह्यास कसबी गवंड्याचे एक-दोन दिवस जास्त लागतील. पण भिंत पुरी होऊन गिलावा झाला म्हणजे त्यांतील एकही दगड कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. सोळा दगड घालणारा गवंडी आणि एकही न घालणारा गवंडी ह्या दोघांची भिंत बाहेरून अगदीं सारखी दिसते. फरक इतकाच कीं, पहिल्याचे दिवस जास्त होतात. धन्यास आरपार दगडाची माहिती नसेल, तर तो साहजिकच दुसऱ्याला हुशार समजतो आणि पहिल्याला कामचुकार !

भिंतीप्रमाणेंच छपराचें. आपल्या भागांतील जुनीं घरें माळवदाचीं. तुळयांवर लांकडें, त्यांवर काड्या-पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत असें घर थंड राहतें, हा त्याचा मोठा गुण होय. पण पावसाळ्याच्या तोंडीं गळती थांबावी म्हणून दर वर्षीं वर नवी माती टाकावयाची आणि जुनी काढावयाची नाहीं, अशी वहिवाट पडली. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर मातीचा थर एक फूट जाड असेल, तर ती माती १२० घनफूट झाली, आणि तिचें वजन पांच टनांहून अधिक भरतें. थर दोन फूट झाला तर वजन दुप्पट. हा भार झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर कशाच्या आधारानें उभा होता, हा खरा प्रश्न होता.

आणि ह्याच ठिकाणीं कसबाचें मोल डोळ्यांसमोर आलें. ज्या घरांत छपराचा भार भिंतींवर न टाकतां सुतारानें उभ्या केलेल्या लांकडी खांबांवर व तुळयांवर पेलला होता, आणि ज्यांचे सांधे नीट बसविलेले होते, अशा कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या तरी माळवद खांबांवर तसेंच उभें राहिलें, आणि खालचीं माणसें वांचलीं. धरणीकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनीं ही गोष्ट नमूद करून ठेवली आहे. ज्या सुतारानें कित्येक वर्षांपूर्वीं खांबाच्या माथ्यावर तुळईचा सांधा मन लावून केला असेल, त्याला आपण कोणाचे प्राण वांचवीत आहोंत ह्याची कल्पनाही नसेल. त्याला त्या वेळीं मिळालेली मजुरी किंवा खळ्यावरचें बलुतें ही त्या सांध्याची किंमत होती. मोल निराळें होतें.

येथें एका गैरसमजापासून आपण सावध राहिलें पाहिजे. जीं माणसें त्या रात्रीं गेलीं त्यांनीं कंजूषपणा केला म्हणून तीं गेलीं, असें म्हणणें क्रूरपणाचें व खोटेंही होईल. पुष्कळ घरें वाडवडिलांच्या वेळचीं होतीं. पुष्कळ लोकांनीं शेतांतले दगड गोळा करून, घरच्या माणसांच्या मदतीनें, जमेल तसा निवारा उभा केला होता. ज्याच्याजवळ दोन वेळच्या भाकरीचीच चिंता, त्याला गवंड्याची निवड करण्याची मोकळीक कोठली ? दोष गवंड्यांच्याही माथीं मारतां येत नाहीं. त्यांना शास्त्र कोणीं शिकविलें होतें ? जुने गवंडी जें कसब हातीं बाळगून होते तें कागदावर उतरलेलें नव्हतें. असें कसब लोकांनीं मागितलें तर टिकतें. तें मागणारा व त्याचे पैसे देणारा कोणी उरला नाहीं, म्हणजे एका पिढींत विसरलें जातें. म्हणून ह्या कथेचें तात्पर्य कोणास दोष लावणें हें नव्हे. कसब न दिसणारें असतें, आणि न दिसणाऱ्या वस्तूची मागणी समाजानें सोडली म्हणजे ती नाहींशी होते, हें त्याचें तात्पर्य आहे.

धरणीकंपानंतर जें काम झालें त्यावरूनही हेंच दिसून येतें. जागतिक बँकेच्या साह्यानें महाराष्ट्र सरकारनें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला. ५२ गांवें नव्या जागीं नव्यानें वसविलीं गेलीं, आणि अनेक जिल्ह्यांत मिळून सुमारें दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचें ठरलें. इतक्या घरांस पुरे पडतील इतके अभियंते कोठून आणावे ? हें काम गांवच्या गवंड्यांच्याच हातून व्हावयाचें होतें. म्हणून गवंड्यांस शिकविणें हा त्या कार्यक्रमाचा एक आवश्यक भाग झाला. उभी असलेली जुनी दगडी भिंत न पाडतां तिच्यांत आरपार बांधणी कशी करावयाची, ह्याची रीत त्यांना दाखविण्यांत आली. भिंतींतील एखादा दगड हलक्या हातानें दोन्ही बाजूंनीं काढून आरपार भोंक पाडावयाचें, त्यांत दोन्ही टोकांना आंकडे वळविलेली लोखंडी सळई ठेवावयाची, आणि तें भोंक काँक्रीटनें भरून टाकावयाचें. जणुं काय भिंतीला टांकाच घातला ! माळवदावरची जास्तीची माती उतरविणें, खांब व तुळई ह्यांच्या कोनांत तिरपे आधार ठोकणें, भिंतीच्या माथ्याशीं चौफेर पट्टा बांधणें, अशीं दुसरींही कामें होतीं. ह्यांतील एकाही कामास फार महाग वस्तु लागत नाहीं. लागतें तें जाणतें डोकें आणि सराईत हात. भोंक पाडतांना घाई केली तर टांका घालण्याऐवजीं भिंतच अंगावर यावयाची.

ह्या कार्यक्रमांत आणखी एक गोष्ट झाली, ती विशेषेंकरून आपल्या माताभगिनींनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गांवोगांवच्या स्त्रियांस 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यांत आलें, आणि स्वयम् शिक्षण प्रयोग ह्या संस्थेनें त्या कामीं मोठा भाग घेतला. ह्या स्त्रियांनीं स्वतः थापी हातीं घेतली असो वा नसो. भिंतींत काय असावें, सिमेंटांत वाळू किती, पाणी किती, हें त्या शिकल्या व घरोघरीं जाऊन सांगूं लागल्या. आतां घरधनीण दारांत उभी राहून "आरपार दगड कोठें आहे तें दाखवा" असें विचारूं लागली, म्हणजे चांगल्या गवंड्यास हुरूप येतो आणि कामचलाऊ माणूस सावध होतो. पुढें २६ जानेवारी २००१ रोजीं गुजराथेंत कच्छचा भयंकर धरणीकंप झाला, तेव्हां आपल्या भागांतील अशाच अनुभवी स्त्रिया तेथील बायकांना धीर व माहिती देण्यासाठीं गेल्या होत्या. ह्यावरून दिसेल कीं, कसबी कारागीर मिळण्यासाठीं जाणतें गिऱ्हाईकही असावें लागतें. ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधारानें वाढतात.

आतां कोणी म्हणेल, "हें सर्व जुन्या दगडमातीच्या घरांविषयीं झालें. आतां चाकुरांत काय किंवा खेड्यांत काय, सिमेंट व लोखंडाचीं घरें होऊं लागलीं. आतां कसली भीति ?" हा मोठा भ्रम होय. सामान बदललें, पण न दिसणारें काम तेवढेंच राहिलें. खांबांतील उभ्या सळयांभोंवतीं जी लोखंडी रिंग घालतात तिचें उदाहरण घ्या. रिंगेचीं टोकें ९० अंशांतच वळवून सोडलीं, तर जोराचा धक्का बसतांच तीं उलगडतात, आणि आंतील सळया वांकून खांब फुटतो. तींच टोकें १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यांत नेलीं, तर रिंग सुटत नाहीं. भूमितींत कोन मोजावयास शिकणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें : त्या ४५ अंशांच्या फरकावर एखाद्या कुटुंबाचें जीवित अवलंबून असूं शकतें. आणि काँक्रीट एकदां ओतलें कीं, ती रिंग पुन्हां कोणासही दिसणार नाहीं.

पाण्याचेंही तसेंच. काँक्रीट कालवितांना जास्त पाणी घातलें तर तें पसरावयास सोपें जातें, मजुरांचे हात कमी दुखतात. पण वाळल्यावर तें सच्छिद्र व कमजोर होतें. उलट, घट्ट झाल्यानंतर मात्र त्याला पाणी भरपूर पाजावें लागतें. नियमाप्रमाणें निदान ७ दिवस, आणि कोरड्या व कडक उन्हाळ्यांत निदान १० दिवस तें ओलें राहिलें पाहिजे. आपल्या लातूर जिल्ह्यास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें होतें. अशा मुलुखांत भर उन्हाळ्यांत बांधकामावर पाणी शिंपडणें किती कठीण, हें सांगावयास नको. परंतु म्हणूनच जाणता मिस्त्री आधींच सांगतो कीं, "पाण्याची सोय नसेल तर स्लॅब आतां टाकूं नका, थोडें थांबा." असें सांगितल्यानें त्याचा स्वतःचा रोज बुडतो. जो माणूस आपला रोज बुडवून आपणांस खरी गोष्ट सांगतो, त्याच्या मजुरींतून दहा रुपये कमी करण्यासाठीं आपण घासाघीस करावी काय ?

विजेच्या कामाविषयीं तर बोलावयास नको. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत घरोघरीं पत्र्याचा कूलर चालतो, आणि विहिरीवर किंवा बोअरवर मोटर. कूलरच्या लोखंडी अंगास वीज उतरली, तर ती जमिनींत निघून जावी म्हणून भूमिसंपर्काची, म्हणजे अर्थिंगची, निराळी तार जोडावी लागते. ही तार जोडली नाहीं तरी कूलर चालतोच, वाराही तितकाच थंड लागतो. म्हणून "ती तार राहूं द्या, खर्च वांचेल" असें म्हणणारा स्वस्त वायरमन आपणांस सोयीचा वाटतो. पण ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून एखादें मूल त्या पत्र्यास हात लावील, तेव्हां वांचलेल्या पैशांचा हिशेब कोण करीत बसणार ? असलें काम परवानाधारक माणसाच्याच हातून करून घ्यावें असा कायदा आहे, तो उगीच नव्हे.

आतां पैशाचाच हिशेब रोखठोक करून पाहूं. समजा, एका घरास एकंदर आठ लाख रुपये खर्च येणार आहे. कामचलाऊ गवंडी रोजास ७०० रुपये मागतो, कसबी गवंडी ९०० मागतो, आणि काम चाळीस दिवसांचें आहे. दोघांच्या मजुरींत एकंदर फरक ८,००० रुपयांचा. म्हणजे घराच्या खर्चाचा शंभरावा भाग. बाकीचे नव्याण्णव भाग त्या एका भागावर अवलंबून आहेत. ओळंबा न लावतां उभी केलेली भिंत वांकडी झाली, तर ती सरळ दाखविण्यास गिलावा जाड द्यावा लागतो, आणि तेवढें सिमेंट व वाळू फुकट जाते. उतार नीट न दिलेली गच्ची गळूं लागली, तर दर वर्षीं डागडुजी आली. पुष्कळ वेळां तो फरक दुसऱ्या पावसाळ्याच्या आंतच खर्ची पडतो, आणि कटकट वर राहते.

ह्याचा अर्थ जो जास्त पैसे मागेल तो कसबी, असा मात्र कोणीं घेऊं नये. तोंडानें मोठा आणि हातानें रिकामा असा माणूस प्रत्येक धंद्यांत असतो. मग ओळखावें कसें ? पहिलें म्हणजे, त्यानें केलेलें काम पाहावें, आणि तेंही नवें नव्हे, तर पांच-सहा पावसाळे खाल्लेलें. ज्याच्या घरीं तें झालें त्यास विचारावें. दुसरें, त्यास "असें कां ?" हा प्रश्न करावा, जाणता माणूस कारण सांगतो, अजाण माणूस "आम्ही असेंच करतों" इतकेंच म्हणून रागावतो. तिसरें, तो आपणांस काय विचारतो तें पाहावें. जमीन काळी कीं मुरमाड, पाणी कोठून येणार, वर मजला चढवावयाचा आहे काय, हे प्रश्न जो भाव सांगण्याच्या आधीं विचारतो तो बहुधा कामाचा माणूस असतो. चौथें आणि सर्वांत महत्त्वाचें, तो एखाद्या गोष्टीस "नाहीं" म्हणूं शकतो कीं नाहीं तें पाहावें. मालकाच्या प्रत्येक सूचनेस मान डोलविणारा कारागीर गोड वाटतो. पण जो "ही खिडकी कोपऱ्याला इतकी चिकटून काढली तर भिंत दुबळी होईल, मी ती तेथें ठेवणार नाहीं" असें म्हणतो, त्याच्या त्या 'नाहीं'करितांच आपण त्याला अधिक मजुरी देत असतों.

गिऱ्हाइकाचीही कांहीं कर्तव्यें आहेत. काम गुत्त्यानें द्यावयाचें असेल तर काय काय करावयाचें हें आधीं कागदावर लिहून घ्यावें. कारण नुसत्या मापावर पैसे ठरले म्हणजे लवकर उरकण्याकडेच मनाचा ओढा होतो. पैसे टप्प्याटप्प्यानें, पण बोलल्या दिवशीं द्यावेत. काम संपल्यावर शेवटच्या हप्त्यांत कांहींतरी खोट काढून चार पैसे कापावयाचे, ही संवय चांगल्या माणसास आपल्या दारापासून कायमची दूर करते. आणि ज्या माणसाच्या हातावर आपलें छप्पर उभें राहावयाचें आहे, त्यास 'अरे-तुरे' करणें, त्याला निराळ्या फुटक्या कपांत चहा देणें, ह्यांत मालकपणा नाहीं, असंस्कृतपणा आहे.

ह्याच ओघांत आपल्या जुन्या बलुतेपद्धतीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. सुतार, लोहार, कुंभार हे गांवचे बलुतेदार. सुगीच्या वेळीं खळ्यावर त्यांना धान्याचा ठराविक वाटा मिळे. ह्या पद्धतींत एक गुण होता. ज्यानें नांगर केला तोच पुढच्या वर्षीं तो दुरुस्त करावयास समोर असे. त्यामुळें वाईट काम करून पळून जाण्याची सोय नव्हती. पण दोषही मोठे होते. धंदा जन्मावरून ठरे, वाटा कसबावरून न ठरतां रिवाजावरून ठरे, आणि हातानें काम करणाऱ्याची पायरी समाजांत खालची मानली जाई. तो काळ गेला हें बरेंच झालें. पण हातकामाविषयींचा तुच्छभाव अजून पुरता गेलेला नाहीं, हें खेदानें सांगावें लागतें. मुलगा कचेरींत कमी पगारावर चिकटला तर आपण पेढे वाटतों, आणि तोच उत्तम वायरमन झाला तर सोयरिकीच्या वेळीं दबकत सांगतों !

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें कॉलेजांत जातील, कांहीं शेती पाहतील, कांहीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत जाऊन एखादा धंदा शिकतील. आपल्या देशांत कारागिरांच्या शिक्षणाची सरकारी योजना १९५० सालीं सुरू झाली, आणि उमेदवारीचा कायदा १९६१ सालीं झाला. म्हणजे आज कोणाही मुलास किंवा मुलीस जातपात न पाहतां कसब शिकतां येतें, व त्याचें प्रमाणपत्रही मिळवितां येतें. जो गणितांत कच्चा तोच धंदेशिक्षणास जावा, अशी एक वेडी समजूत आहे. परंतु रिंगेचा कोन, गच्चीचा उतार, सिमेंट-वाळूचें प्रमाण, तारेची जाडी व तिच्यांतून जाणारी वीज, हें सर्व गणितच आहे. फरक इतकाच कीं, वहींत उत्तर चुकलें तर लाल शाई मिळते, आणि येथें चुकलें तर दुसऱ्या कोणाचें तरी घर जातें.

पालकांस शेवटीं एकच विनंती. पुढच्या वेळीं घरीं गवंडी, सुतार, लोहार, नळवाला किंवा वायरमन बोलवाल, तेव्हां आपल्या मुलास किंवा मुलीस जवळ बसवावें. भाव अवश्य विचारावा; पण त्याबरोबर "ह्या कामांत डोळ्यांना न दिसणारें असें काय काय आहे, आणि तें झांकण्यापूर्वीं आम्हांला दाखवाल काय ?" हेंही विचारावें. चांगला कारागीर ह्या प्रश्नानें रागावत नाहीं; तो खूष होतो, कारण आपलें कसब समजणारा कोणी भेटला असें त्यास वाटतें. तो दाखवील तें मुलांनीं नीट पाहावें, त्याचें नांव विचारून घ्यावें, आणि काम मनाजोगें झालें तर तें नांव शेजाऱ्यांस आपण होऊन सांगावें. ज्या गांवांत असे प्रश्न विचारले जातात त्या गांवांत कसब जगतें. आणि जेथें कसब जगतें तेथील माणसें रात्रीं छपराखालीं निर्धास्त झोपूं शकतात.